उत्तरेची भिंत

फॉर्मवर आधी वास्तूचं नाव लिहायचं असतं.
कुहीच्या अलीकडे, उखडलेल्या छोट्या रुळांच्या कडेला
एकच खोली. काळा दगड.
लोक म्हणतात, फाटकवाल्याची चौकी.
मी तेच लिहिते.

टेपचं दुसरं टोक धरायला झिंगर मेश्राम.
गाडी बंद झाली तेव्हाच फाटक गेलं,
झिंगर मात्र अजून दोन्हीकडे पाहून
ओलांडतो ती रिकामी माती.

भिंतीची जाडी : दोन फूट एक इंच.
खरं तर त्या दोन भिंती, पाठीला पाठ लावून,
मध्ये कपच्या, चुना, मुरूम,
आणि कमरेशी एक, मग छातीशी एक
लांब दगड आरपार घातलेला,
ज्याचं एक तोंड उन्हात, दुसरं चुलीच्या धुरात.
बाकीचे दगड एकमेकांना ओळखतही नसतील.

दारावरची शिळा पिवळसर, कामठीकडची,
कुठल्यातरी मोठ्या कामावरून उरलेली असावी.
तिच्या कोपऱ्यात अर्धंच फूल कोरलेलं.
उरलेलं अर्धं बहुतेक नागपुरात, एखाद्या कचेरीच्या माथ्यावर.
'असावी', 'बहुतेक' : हे शब्द फॉर्मला चालत नाहीत.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
आत देवळीत ठेवलेली माझी बाटली
दुपारी दोनलाही गार.
छप्पर : कवेलू, बांबू, सागाचं एकच आढं.
एक कवेलू सरकलंय, तिथून रुपयाएवढं ऊन
झिंगरच्या पायावर पडलंय.
तो पाय काढत नाही.

मग गणित चुकलं.
दक्षिण बाजू चौदा फूट,
उत्तर तेरा फूट दोन इंच.
टेप ताणून धरा, म्हटलं.
पुन्हा तेरा फूट दोन.
वायव्येचा कोपरा आत गेलेला,
खचून नाही, घडवून :
एकेक दगड तासून तिरका केलेला.
एका चुकीसाठी इतकी छिन्नी?

झिंगर हसला.
"चूक कायची, म्याडम. अठी मोह होता.
बांधनाऱ्यायनं झाड नाई तोडलं, भितच घेतली आत.
माह्या बापाच्या टायमाले वाळला थो.
ह्या बाजीचा पाय थ्याचाच हाय, पाहा."

मी बाहेर जाऊन पाहिलं.
खोड नाही, बुंधा नाही, साधा खड्डाही नाही.
शेजारचा उतरून गेल्यावरही
बाकावर कुणी अंग चोरूनच बसावं,
तशी भिंत.

आकार : आयत, चौरस, इतर.
'इतर'वर खूण केली.
कारणाला दोन इंच जागा होती.
झिंगरनं टोक सोडलं,
टेप सर्रकन् माझ्या मुठीत शिरला.
"लिवलं का?"
लिहिलं. मोह.
आणि मग, ऑफिसात भलताच अर्थ लागायचा म्हणून,
शेजारी बारीक अक्षरात :
झाड.