नावाचा रकाना

म्हापशाच्या बाजारात, केळ्यांच्या घडांमागे,
फेलिस्बेर्तचं दुकान.
त्यानं पिशवी बल्बसमोर धरली. आत पाच पिल्लं,
करंगळीएवढी, निमुळती, तोंडं पुढे काढलेली.
"पाईक सिक्लिड. कुठली, तें विचारू नाका,
खोक्यावर 'मिश्र' लिहून आलंय.
वाडल्यार कळटलें."

मी डिचोलीच्या नोंदणी कचेरीतला कारकून.
बावीस वर्षं जन्म लिहितोय.
'वाढल्यावर कळेल' हे उत्तर
आमच्या खिडकीवर चालत नाही.

टाकीत विहिरीचं पाणी, जांभ्यातून गाळून आलेलं.
रात्री भिंग घेऊन बसलो.
मुस्कटापासून शेपटीपर्यंत काळी पट्टी,
पाचही जणांना, एकाच टाकानं ओढल्यासारखी.
पहिल्याच्या कल्ल्यामागे, खांद्यावर, डाग.
त्याचं घराणं धरलं.
दोघांच्या टाळूवर मिऱ्याची भरड सांडलेली,
ही हातभर वाढणारी जात असणार.
एक सारखा दगडाखाली.
आणि एक,
ज्याचा डाग सकाळी होता, दिवा लावला की नव्हता.
मासा घाबरला की रंग गिळतो म्हणे.
आणि बघायला मी गेलो की तो घाबरायचा.

फोटो काढून खवले मोजायला घेतले.
साठाच्या आत की शंभराच्या वर,
एवढंच हवं होतं.
सत्तेचाळीसवर उर्मीनं विचारलं, वीजबिल भरलंत?
परत एकपासून.

तिसऱ्या रविवारी चारच.
मिरीवाल्यांतल्या एकाचं पोट फुगलेलं,
तो फिल्टरपाशी गप्प उभा.
गेला तो कोण, ते हिशेबानं कळलं:
ज्याचं काहीच ठरलं नव्हतं, तोच.

मये गावचा एक माणूस आठवला.
जन्म आणि मृत्यू, दोन्ही अर्ज एकाच दिवशी घेऊन आलेला.
बाळाचं नाव?
त्यानं रकान्याकडे पाहिलं. बराच वेळ.
मागे रांग होती. मी आडवी रेघ मारली.
रेघ मारायची नसते, रकाना कोरा ठेवायचा असतो,
हे मला तेव्हाही माहीत होतं.

टाकीत मध्ये काच घातली.
मिरीवाले पलीकडे, बाकीचे अलीकडे.
काचेवर पट्टी चिकटवून पेन्सिलीनं लिहिलं:
एक, दोन, तीन, चार. पुढे जागा सोडली.
परवा दगडाखालच्याच्या शेपटीच्या मुळाशी
काळ्या ठिपक्याभोवती कडी दिसली,
पिवळसर. किंवा ट्यूबलाइट असेल.
फेलिस्बेर्तला फोन लावला, तो चर्चला गेला होता.

खाडीतली बारीक कोळंबी सोलून टाकतो.
दगडाखालून तो अर्धा बाहेर येतो,
एक डोळा माझ्याकडे वळवतो, थांबतो,
ओढतो कोळंबी, आणि आत.
पेन्सिल कानावरच राहते.