इंजिन बंद करा

सावद्याच्या नाक्यावर एकतीस वर्षं
मी एकच वाक्य बोलत आलो :
गाडी काट्यावर घ्या, इंजिन बंद करा.
भरलेली, रिकामी, निव्वळ.
तीन आकडे, एक शिक्का, एक चिठ्ठी,
आणि केळी चालली दिल्लीला.

माझं स्वतःचं निव्वळ बावन्न किलो.
लग्नातली विजार अजून बसते,
हे मी कुणी न विचारताही सांगायचो.
पंगतीत व्याह्यांच्या पोटाकडे एक नजर टाकून
दुसरी कळण्याची भाकरी न घेता उठायचो,
जसा काही पानावरच सत्कार होणार होता.
दिवसभर खुर्ची.
घर दोनशे पावलांवर, तिथंही स्कूटर.

सुपडाबाई कोळी केळी भरायला यायची.
एकदा गंमत म्हणून मी तिला घडासकट काट्यावर उभी केली,
घड वजा केला
आणि पंच्याऐंशी हा आकडा
खिडकीतून मोठ्यानं वाचला.
ड्रायव्हर हसले. क्लीनर हसले.
तीही हसली. पदर खोचून
पुढच्या घडाला गेली.
बागेतून बांधावर, बांधावरून पाटाच्या फळीवर,
फळीवरून ट्रकपर्यंत.
फळी वाकायची, ती नाही.

मार्चात यार्डात शिबिर लागलं.
डॉक्टर बऱ्हाटे, चोपड्याची पोरगी,
माझं वजन बघून म्हणाली, छान.
मी रांगेकडे वळून बघितलं,
सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून.
मग तिनं एक लाकडी खोकं पुढे सरकवलं.
काका, चढा, उतरा. तीन मिनिटं. घड्याळाच्या ठोक्यावर.

एक मिनिट वीस सेकंदांनी
यार्डाचे पत्रे माझ्याभोवती फिरायला लागले.
कुणीतरी पाणी आणलं.
डॉक्टरनं माझी नाडी धरली, धरूनच ठेवली.
तोंडावर काही बोलली नाही,
कागदावर बरंच लिहिलं.

सुपडाबाईनं चपला काढल्या
आणि चढता-उतरता सुनेची अख्खी कहाणी सांगितली,
रावेरच्या लग्नात काय झालं इथपर्यंत.
तीन मिनिटं संपली तरी कहाणी उरली होती.
चहा कपात ओतेपर्यंत तिचं काळीज जागेवर.
गुडघा दुखतो म्हणाली. साखर काठावर निघाली.
तिलाही गोळी लिहून दिली, फुकट सोडलं नाही.
पण माझ्या कागदाकडे बघताना
डॉक्टरच्या कपाळावर जी आठी होती,
ती तिच्या कागदावर नव्हती.

रात्री मला गाड्या आठवत राहिल्या.
सरदार तडवीचा जुना ट्रक, नुसता लोखंडाचा डोंगर,
बऱ्हाणपूर सोडलं की इंदूरकडचा घाट
गाणी लावून चढायचा.
आणि फैजपूरच्या शेटची ती नवी हलकी गाडी,
दुसऱ्याच वळणावर वाफ सोडून उभी,
मागे केळी पिकत.
दोघांच्या चिठ्ठ्या मीच फाडल्या होत्या.
कोण वर पोचेल
हे कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.
असणार कसं?
मीच तर म्हणायचो, इंजिन बंद करा.

आता संध्याकाळी पाटाच्या कडेनं चालतो.
पहिल्या दिवशी तिसऱ्या खांबाशीच बसलो.
सुपडाबाई मजूर घेऊन परत येत होती.
काय भो, वजन कमी करून राह्यला का?
नाही गं, म्हटलं, दम वाढवून राह्यलो.
ती हसली, त्या दिवशीसारखीच.
त्या दिवसाबद्दल मला काही बोलायचं होतं.
श्वासच पुरला नाही.

काल अकराव्या खांबापर्यंत गेलो.
परत येताना नाका रिकामा होता,
तसाच काट्यावर जाऊन उभा राहिलो.
छाती भात्यासारखी चाललेली, पोटऱ्या धडधडत,
घाम कानामागून खाली.
खिडकीतला लाल आकडा : पन्नास.
पाच किलोच्या आतलं त्याला कळतच नाही.
मी उभा राहिलो, श्वास मोजत.
तो तेवढाच.