पंधरावं घर

कोपरखैरणे, सेक्टर सात. वेफर्सच्या दुकानावर जिना,
तेरा पायऱ्या, मधली एक फुटकी.
निकेत भोईर म्हणतो, "मावशी, हे मशीन तर माझ्या वयाचं आहे."
असेल. रबाळ्याच्या कंपनीत मी टेलिफोन बोर्डावर होते,
तेव्हा पीएफमधून उचल घेऊन आणलेली ही ब्रेल पट्टी:
चाळीस घरं, प्रत्येकात आठ टाचण्या.
नव्या लॅपटॉपला तिची नऊ भोकांची शेपटी
खुपसायला जागाच नाही.

"बोलणारा घ्या ना, फुकट मिळतो."
बोलतो रे. भरभर बोलतो.
पण 'शिला' की 'शीला', ते बोटालाच कळतं.

मग वायरला वायर. निळी आहे, तो म्हणाला;
मला ती परकराच्या नाडीसारखी लागली.
ड्रायव्हर सापडेना. पोर्ट तीन, पोर्ट पाच,
खालून इडलीवाल्याचा भोंगा दोनदा गेला.
नऊ हजार सहाशे, मी म्हटलं,
वेग तेवढाच ठेव, तिला घाई कधीच नव्हती.

खर्रर.
बोटांखाली वारूळ जागं झालं.
चालू झालं का?
आणि पुढे, एक घर सोडून, त्याचं नाव.

पंधराव्या घरातला तिसरा ठिपका
दोन हजार अकरापासून उठत नाही.
तिथं 'न' आला की 'द' होतो.
"काय लिहिलंय, वाचा की!"

निकेत, मी म्हणाले.
ठिपका माझ्याकडचा घातला.