गीतकाराचा रकाना

रात्री पावणेबारा. सातपूरला
टायरच्या दुकानावरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यांवर जगनच्या आईच्या गोधड्या,
आणि आम्ही चौघं एका लॅपटॉपभोवती
शेकोटीला बसल्यासारखे.

सात गाणी, दोन वर्षं.
माझी अंबडची सेकंड शिफ्ट, केशरची सिव्हिलमधली नाइट,
म्हणून सगळं रेकॉर्डिंग भल्या पहाटे.
नीट ऐकलंत तर तिसऱ्या गाण्यात, माझ्या संबळामागे,
दूधवाल्याची किटली वाजते.
ती आम्ही काढली नाही. तालात होती.

बास म्हणून फिरोजच्या आजोबांची पिंजण.
माळ्यावर पडून होती,
तातीला कापसाचा तंतू अजून चिकटलेला.
पहिल्यांदा छेडली तेव्हा फिरोजचे अब्बा
जेवता जेवता थांबले.
काही बोलले नाहीत.
भाकरी मोडली, पुढे जेवले.

आता अर्ज.
अल्बमचं नाव. बँडचं नाव. भाषा.
यादीत त्या पाड्यांची बोली नव्हती,
मराठीवर टिचकी मारली.
मग गीतकार. शेजारी लाल चांदणी:
रकाना रिकामा सोडता येणार नाही.

"पारंपरिक लिही," केशर म्हणाली.
"इथे नाव वेगळं, आडनाव वेगळं," फिरोज म्हणाला,
"परंपरेचं आडनाव काय?"

मला पवळीबाय आठवली.
सुरगाण्यापलीकडे, नागलीच्या लावणीला,
पोटऱ्यांपर्यंत चिखल, तोंडात तंबाखू.
सगळ्याजणी जुनंच म्हणत होत्या
आणि हिने मधेच आपलं घुसवलं:
यष्टी थांबत नाही गं, यष्टी थांबत नाही,
हात दाखवून दाखवून माझा साग झाला,
बोटांना पानं फुटली.
बाया हसून हसून वाकल्या.
पुढच्या पावसाळ्यात त्याच बाया तेच कडवं
पणजीकडून आल्यासारखं म्हणत होत्या.

"फोन लाव तिला."
"तिच्या नातवाचा फोन. रेंज टेकडीवर."
"मग आडनाव माहेरचं की सासरचं?"
कुणालाच दोन्ही माहीत नव्हती.
दोन वर्षं तिचं गाणं घासूनपुसून लख्ख केलं होतं आम्ही,
जगनच्या बापाने तांब्याचा हंडा करावा तसं.
शेवटी जगनने आडनावाच्या जागी
तिच्या पाड्याचं नाव लिहिलं.
अर्जाने ते मुकाट घेतलं.

बारा वाजले. काही झालं नाही.
खाली कुत्रं भुंकलं. कुणीतरी ट्रक रिव्हर्स घेतला.
ऐकणारे: चार. ते आम्हीच.
बारा-वीसला पाच.
पाचवा कोण, यावर आम्ही
नाक्यावरचा चहावाला उठेपर्यंत वाद घातला.

रविवारी पाड्यावर गेलो.
थाळ वाजवणारे सोमाबाबा आधी ऐकायला बसले,
फोन कानाला, डोळे मिटून.
"थाळ चांगला आलाय," म्हणाले,
"पण मेण कमी पडलं होतं त्या दिवशी,
काडी थोडी लटपटते."
आम्हाला ते लटपटणं कधी ऐकूच आलं नव्हतं.
आता दुसरं काही ऐकू येत नाही.

मग पवळीबाय.
केशरच्या आवाजातली आपली यष्टी तिने शेवटापर्यंत ऐकली.
हसली नाही. तिचं नाव दाखवलं,
तर अक्षरांवरून अंगठा फिरवला,
स्क्रीन सरकली, दुसरंच काहीतरी उघडलं.
फोन परत देत म्हणाली,
"ह्याच्यापुढे अजून एक कडवं हाय.
तेव्हा सांगितलं नव्हतं.
तेव्हा तुम्ही वळखीचे नव्हता."

फिरोजचा हात रेकॉर्डरकडे गेला.
"ते ठेव," ती म्हणाली. "बस."

खालच्या वळणावर यष्टीचा हॉर्न वाजला,
परतीची, शेवटची.
आमच्यातल्या कुणीही
हात दाखवला नाही.