एक नसलं तरी चालेल

उजव्या पंखाखाली शिडी लावून उजार्नेक वर गेला
आणि बराच वेळ उतरलाच नाही.
उणे सव्वीस. माझ्या पापण्यांवर बर्फाचं मीठ.
"काय आहे?" मी खालून ओरडले.
"काही नाही."
आणि ते अगदी शब्दशः खरं होतं.
फ्लॅपच्या बिजागरीवर जिथे आवरण असतं
तिथे काही नव्हतं.
चार भोकं, एक मुंडकं तुटलेला स्क्रू,
आणि उघड्यावर पडलेली बिजागरी,
टोपी उडालेल्या म्हाताऱ्यासारखी ओशाळलेली.

कुठे पडलं असेल?
इलुलिसॅट ते उपर्नाविक, खाली सगळा बर्फच.
पायलट नाया म्हणाली,
काल येताना बारीक शिटी ऐकू येत होती,
मला वाटलं, माझेच कान.

मग ती तेलकट बोटांची जाड वही निघाली.
विमानाचं काय काय हरवलं तरी चालेल
ते तिच्यात लिहिलेलं असतं.
चालेल, म्हणजे उडेल.
पंखामागच्या, आभाळातली वीज झाडून टाकणाऱ्या वाती:
एखादी नसली तरी चालेल.
चाकाच्या दाराची पट्टी: चालेल, पण वेग बेताचा.
बिजागरीवरचं आवरण: एक नसलं तरी चालेल.
दोन?
त्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

आणि प्रत्येक 'चालेल'च्या पुढे, किलोत, किंमत.
आमची: चोपन्न.
तो तुकडा सगळा मिळून दीड किलोचा.
मी सामान चढवणारी बाई, अठरा वर्षं काटा वाचतेय,
पण नसलेल्या वस्तूचं वजन
असलेल्या वस्तूहून जास्त भरतं
हे त्या सकाळी पहिल्यांदा लिहून घेतलं.

उतरवायचं मलाच होतं.
टपालाला हात लावायचा नाही.
येर्गेननं भावाला धाडलेलं बोटीचं इंजिन: एकावन्न.
राहिले तीन. हाताशी होतं केकचं खोकं,
वर निळ्या पेनानं: बाप्तिस्मा आहे, आडवं करू नका.
मी ते उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं.
वरून नायानं स्वतःची बॅग फेकली.
"माझं पांघरूण आणि बूट. घे, जुळव."

उजार्नेकनं भोकांवर चंदेरी पट्टी चिकटवली,
हिवानं खाल्लेल्या अर्ध्या अंगठ्यानं घासघासून बसवली,
कॉकपिटमध्ये चिठ्ठी लावली, सही केली.
विमान गेलं. शिटी मात्र आली नाही ऐकू.

कॅन्टीनमध्ये तो कॉफीवर एकदम बोलला.
पिपालुक आल्बॉर्गला निघून गेली त्याला तीन वर्षं,
आणि आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं.
"आधी चर्चमधलं गाणं उतरवलं," म्हणाला.
"मग शुक्रवारचे पत्ते.
मग कुत्री. अकरा होती, चार ठेवली.
तेव्हा कुठे जमिनीवरून उठता आलं."
मी म्हटलं, जे सगळे म्हणतात तेच:
कुणावाचून कुणाचं अडत नाही.
"नाहीच अडत," तो म्हणाला,
"पण लोक ओळ अर्धीच वाचतात."
आणि माझ्या बशीतलं बिस्किट उचलून खाल्लं.

मे महिन्यात शिकारी कुलुतान्नुआक खाली आला,
फोनवर फोटो दाखवायला लागला:
बर्फावर सापडलेलं पांढरं, लांबुळकं, होडीसारखं काहीतरी.
त्यात सीलच्या मांसाचे तुकडे
आणि चारी बाजूंनी कुत्र्यांची तोंडं.
"तुमचं आहे का? परत हवं?"
उजार्नेकनं फोटो मोठा करून पाहिला.
आतल्या कडेला क्रमांक, अजून वाचता येणारा,
एक पिल्लू नेमकं तिथेच चाटत होतं.

नवं आवरण कधीच आलं होतं, बसलंही होतं,
येर्गेनचं इंजिन दुसऱ्याच दिवशी गेलं होतं.
उजार्नेकनं फोन परत दिला.
"राहू दे," म्हणाला. "तिथे चालतंय ना?"