दीर्घच लिहा

गुदैबियात शिंप्याच्या दुकानावर आमचं टायपिंगचं ऑफिस.
व्हिसाचे अर्ज, हमीपत्रं, हरवलेल्या पासपोर्टांच्या तक्रारी,
आणि कधी गुरुवारी संध्याकाळी, क्वचित,
मराठी.

रघुवीर तांडेल गोदीतून थेट आले होते,
हेल्मेटचा वळ अजून कपाळावर.
मुलीच्या स्थळासाठी मजकूर हवा होता, तीस शब्दांत;
त्यापुढे चिपळूणचं मंडळ शब्दाला पैसे लावतं.
खिशातून चिठ्ठी काढली. घामाने शाई फुटलेली,
एक शब्द मात्र दोनदा गिरवलेला:
सुखवस्तू.

"मंडळातला पोरगा फोनवर हसला, ताई.
म्हणाला, काका, आता वेल सेटल्ड लिहितात.
चालतो ना हा अजून?"

चालतो, म्हटलं.
म्हणजे, काठी टेकत चालतो.
गबर म्हणताना गाल फुगतात,
पैसेवाला म्हणताना ओठ जरा वाकडे होतात,
ह्याला तोंड वेडंवाकडं करावं लागत नाही.
सुखवस्तू माणूस, सुखवस्तू बाई, सुखवस्तू घरं:
लिंग बदला, वचन बदला, शब्द जागचा हलत नाही,
जेवून ओटीवर टेकलेल्यासारखा.
फक्त स्वतःला कुणी म्हणत नाही तसं.
ते दुसऱ्याने म्हणायचं,
जाता जाता, आवाज थोडा खाली आणून.

"आमच्या वाडीत एकच घर होतं तसं.
खोतांचं नव्हे. शिगवण पोस्टमनचं.
दोन खुर्च्या, पितळेचा डबा,
चहात दूध, पाहुणा नसला तरी.
मला वाटायचं, वस्तू आहेत म्हणून सुखवस्तू.
पहिल्या सुट्टीला मिक्सर नेला, मग इस्त्री,
मग दर खेपेला काटा तीस किलोवर टेकेपर्यंत
जे मिळेल ते.
तरी वाडीत कुणी म्हणालं नाही.
म्हणाले, गल्फवाला."

सहा जणांच्या खोलीत वरचा पलंग त्यांचा.
उठून बसलं की मान वाकवावी लागते.
हे मजकुरात घ्यायचं नव्हतं.

मी म्हटलं, कदाचित ती वस्तू नसेलच,
वसणं असेल. सुखाने वसलेला.
कोशात काय आहे देव जाणे, मी टायपिस्ट.
तांडेल हसले: "मग तर मेलोच.
बावीस वर्षं वसलोय कुठे?"

एका शब्दाला एवढा वेळ?
शेजारच्या टेबलावरून मदाम सुहैरने विचारलं.
समजावून पाहिलं: गनी नाही, फकीर तर नाहीच,
मधला, पण मधल्यापेक्षा थोडा
निवांत.
"मस्तूर," ती म्हणाली
आणि बोटाने हिजाबची कड सारखी केली.
झाकलेला. ज्याची उणीव रस्त्यावरून दिसत नाही.
आमच्या गावी, कैरोबाहेर, लोक देवाकडे एवढंच मागतात.

आम्ही मूठ झाकतो, मी म्हटलं. सव्वा लाखाची.
हे अरबीत धड उतरलं नाही.
"सव्वाच का?" तिने विचारलं.

तांडेल तोवर आपल्या मुठीकडे बघत होते,
ग्रीसने काळ्या रेषा,
करंगळी सरळ न होणारी.

शब्द मोजले. तेहतीस.
त्यांनी पेन मागून घेतलं.
'गोरी' खोडलं ("तशी ती नाहीच"),
'स्लॅबचे घर' खोडलं,
थोडा विचार करून, हळूच.
तीस झाले.

आणि हा? मी विचारलं. जुन्या छापात स्तु ऱ्हस्व असायचा,
हल्ली दीर्घ लिहितात. कसा घेऊ?

पाचशे फिल्सची नोट काचेवर ठेवून
तिची दुमडलेली कड ते अंगठ्याने सरळ करत राहिले.
"दीर्घच लिहा, ताई," म्हणाले.
"वेळ तेवढा लागलाय."