सूर, ओमान

या गावाचं नावच सूर.
पहिल्यांदा पत्ता सांगितला तेव्हा
आईने फोनवर विचारलं होतं, "लागला का गं?"

शुक्रवारी सकाळी, नमाजाच्या आधी,
आमच्या हॉलमधला सोफा भिंतीला सरकतो
आणि सात मुलं चटईवर बसतात.
पहिले चार महिने मी त्यांना नुसतं गिरवायला लावलं.
क ला काना का.
शर्वाणीचा ळ म्हणजे आडवा पडलेला आठ.
अद्वय मिनिटागणिक घड्याळ बघायचा.
आणि यदू?
शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी,
खालच्या दुकानात अरबी, घरी आपली.
चार भाषांचा धनी, आणि वर्गात चकार शब्द नाही.
टिपणीस साहेब मुलाला सोडताना विचारायचे,
"पाढे घेता ना?"
मी म्हणायचे, घेते.

मग शेजारच्या मौझाकडे नवा फ्रीज आला.
खोका त्यांनी गल्लीत टाकला,
मी तो जिन्याने ओढत वर आणला,
कात्रीने खिडकी पाडली, जुन्या ओढणीचा पडदा लावला.
खजुराच्या बियांचे डोळे, दह्याच्या डब्यांची डोकी,
दोरीवर वाळत घातलेला नवऱ्याचा मोजा
(तो दुसऱ्या दिवशी दोन रंगांत ड्यूटीला गेला).

चिपळूणहून आलेलं एक पुस्तक होतं माझ्याकडे,
कसर लागलेलं, शेवटचं पान नसलेलं.
विहिरीतल्या कासवाला समुद्र बघायचा असतो.
"विहीर म्हणजे?" अद्वय.
मी हातांनी गोल केला, मग खोल, मग आणखी खोल.
"लिफ्टचं भोक?"
"हो. पाणी भरलेलं."
"मग कासवासाठी बटण कोण दाबणार?"

या प्रश्नावर दीड तास गेला.
ळ त्या दिवशी कुणी गिरवला नाही,
पण खळखळ सगळ्यांनी केलं,
दारातून डोकावायला आलेल्या मौझानेसुद्धा.
तिने सांगितलं, इथे पुढे किनाऱ्यावर
कासवं आपणहून येतात, रात्री,
वाळू उकरून अंडी घालतात.
त्यांच्यावर टॉर्च मारायचा नाही.
ते आम्ही गोष्टीत घातलं.

पुढच्या शुक्रवारी यदू
बाबांचं पिवळं हेल्मेट पाठीला बांधून आला.
टेबलाखालून निघाला, गुडघ्यांवर, इंच इंच.
खोक्याच्या खिडकीतून मोजे ओरडत होते:
कासवा, कुठे चाललास? कासवा, तुझं घर कुठंय?
यदू थांबला.
एसी तेवढा बोलत होता.
मग हेल्मेटखालून, ठणठणीत आवाजात:
"मधे मधे बोलू नका. मी सूर मारतोय."

आणि मारला.
सोफ्यावरून चटईवर, धाडकन.
कपाळाला हे एवढं टेंगूळ.
त्याची आई रडली. टेंगळासाठीच असेल.

ते हेल्मेट घरी का होतं, मला ठाऊक होतं.
प्लान्टवरचा त्याच्या बाबांचा शेवटचा महिना
पंधरा दिवसांपूर्वीच संपला होता.
यदूला माहीत होतं का, मी विचारलं नाही.
टिपणीस साहेबांनीही पाढ्यांचं विचारलं नाही.
ते खोक्यामागे उभे होते,
सुटलेला पडदा दोन्ही हातांनी धरून.

सप्टेंबरात यदूचं बिऱ्हाड गेलं.
सामान वजनात बसेना, हेल्मेट माझ्याकडे राहिलं.
पुस्तकाला त्याने शेवटचं पान चिकटवलंय.
त्यात कासव नाही,
फक्त उडालेलं पाणी, पानाबाहेरपर्यंत.
खाली एकच शब्द: निळं.
ळ आडवा, पोहत असल्यासारखा.

आज सलालाहून आलेली नवी मुलगी म्हणाली,
"विहीर म्हणजे काय?"
अद्वयने कपाळाला हात लावला.
"एवढं माहीत नाही? पाण्याची लिफ्ट!"
मी दुरुस्त करायला तोंड उघडलं,
मग दह्याचा डबा कापायला घेतला.